सरळ केलेलं पाणी

मित्रांनो, मी पाण्याचा रेणू, लाकडाचा. जुना झालोय, आणि आता सरळही. ही सरळ मान माझी नव्हे, माझ्यावर लादलेली आहे!

सन अठ्ठेचाळीसमध्ये दहिवलीच्या सहदेव सुतारानं शिवणीच्या लाकडाचे तीन गोळे तासले. मोठा ऑक्सिजन गेरूनं रंगवला, धाकटे दोन हायड्रोजन चुन्यानं. पण जन्मभर बैलांची जुवं केलेला हात तो! गोळे जोडणाऱ्या काड्यांसाठी सामत्यानं समोरासमोर भोकं पाडायला निघाला.

"थांब रे सहदेव," कर्जतच्या शाळेतले भिवाजी मास्तर म्हणाले. "पाणी वाकडं असतं."

"वाकडं? लोक हासतील ना, मास्तर!"

"अरे, इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या पायऱ्यांवर बसतात. रेणू वाकला की त्यातली एक पायरी चांगलीच खाली येते. पाण्यात तिच्यावर दोन इलेक्ट्रॉन बसलेत. ते खाली आले की रेणूची ऊर्जा कमी होते, म्हणून तो वाकलेलाच राहतो."

"आन् ती पायरी रिकामी आसती तर?"

"तर वाकून फायदा काय? सरळच राहिला असता."

सहदेव खुशीत हसला. मग त्यानं तिरकं भोक पाडलं, अगदी बेतानं. वर्षभर मास्तर मला वर्गात मिरवत होते. काय तो माझा थाट!

मग तपासणीला साहेब आले. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे वाकडं काय? पुस्तकात तर सरळ रेघ आहे."

मास्तरांची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्यांनी पायऱ्यांचा 'प'सुद्धा काढला नाही. "सुतारानं भोक चुकवलं, साहेब," म्हणाले.

फळ्याची घोडी दुरुस्त करून आणलेला सहदेव तेव्हा दारातच उभा होता. मास्तरांनी मान वर केली नाही. मला इतका संताप आला, पण लाकडाला कुठलं तोंड?

साहेबांनी सहदेवला मला सरळ करायला सांगितलं. त्यानं समोर नवं भोक पाडलं, जुनं मेणानं बुजवलं, वर गेरू फासला. मला परत देताना एवढंच म्हणाला, "मास्तर, ते दोन इलेक्ट्रॉन उठून गेले का वो?"

गावात मात्र बोभाटा झाला. 'सहदेवचा हात चुकतो' म्हणत लोक जुवं करून घ्यायला कशेळ्याच्या सुताराकडे जाऊ लागले. मास्तर कायम झाले. मी कपाटात पडलो.

मित्रांनो, कधी हे कपाट उघडलंत तर माझी एक काडी उपटा. गेरू खरवडा, मेण काढा. खाली ते तिरकं भोक अजून आहे. काडी त्यात बसवा आणि मला घेऊन दहिवलीला जा. सहदेवला चारचौघांत सांगा, की बाबा, तुझं भोक बरोबर होतं. मास्तरांनाही सोबत न्या. ते शब्द त्यांच्याच तोंडून निघू द्या.