सात नंबरचा हात

थोरली जाऊ चाकूंच्या वॉरंटी विभागात चौदा वर्षं कामाला होती. कंपनी खिशात मावणारे, घडी घालायचे चाकू बनवायची. पात्याच्या गुंडीला अंगठ्यानं जरासं ढकललं की पुढचं काम आतली स्प्रिंग करायची आणि पातं खटकन उघडून पक्कं बसायचं. ज्यांचा एक हात कायम कशात तरी अडकलेला असतो अशी माणसं हे चाकू घ्यायची. नळदुरुस्तीवाले, माळी, शिडीवर नाहीतर दोरावर चढून काम करणारे. चाकूला आजन्म वॉरंटी होती. बिघडला की कुरियरनं यायचा आणि थोरलीच्या टेबलावर उघडला जायचा.

पात्याच्या आवाजावरून ती सांगायची की स्क्रू सैल झालाय की आत वाळू गेलीय. दिवसाला चाळीस चाकू तिच्या हाताखालून जायचे. बिघाड बहुतेक वेळा एकच, स्प्रिंग मोडलेली. नवी बसवायची, पातं पन्नासदा उघडून बघायचं, आणि खोक्यात आपल्या नंबरची चिठ्ठी टाकायची, म्हणजे काम कुणी केलं ते गिऱ्हाइकाला कळावं. तिचा नंबर तीन. एक आणि दोन नंबरवाले कधीच निवृत्त झाले होते, त्यामुळे तीन म्हणजेच पहिला हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. तिनंही.

धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली ती घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी म्हणून. लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसून ती घड्याळांची पोटं उघडत आलेली. वडील गेले, दुकान बंद झालं, आणि ती घरात रिकाम्या हातानं फिरायला लागली. थोरलीला तिची दया आली. तिनंच साहेबांकडे शब्द टाकला.

"हात चांगला आहे तिचा," ती म्हणाली. "बाकी मी शिकवीन."

धाकटीला सात नंबर मिळाला आणि थोरलीच्या मागचं, खिडकीजवळचं टेबल. सुरुवातीचे महिने थोरलीला फार छान गेले. धाकटी डोळ्याला भिंग लावून एकेका चाकूवर वाकून बसायची आणि दिवसाला जेमतेम बावीस करायची. बाकीचे हसायचे. थोरली तिची बाजू घ्यायची.

"होईल हो सवय. घड्याळातून आलीये ती, मिनिटं मोजत बसते," असं ती म्हणायची आणि धाकटीसकट सगळे हसायचे. दुसऱ्याला सांभाळून घेण्यात एक सुख असतं. ते थोरलीनं पोटभर घेतलं.

मग एक पत्र आलं. कुणा माळ्याचं होतं. माझा चाकू तीनदा तुमच्याकडे येऊन गेला, चौथ्यांदा सात नंबरनं केला, त्याला आता सहा महिने झाले, यापुढे माझं काम सात नंबरलाच द्या, असं त्यात होतं. साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. थोरलीनं टाळ्या वाजवल्या. पण आधीच्या तीन चिठ्ठ्या कोणत्या नंबरच्या असणार हे तिला विचारावं लागलं नाही.

पुढच्या महिन्यात आणखी दोन पत्रं आली, त्याच्या पुढच्या महिन्यात पाच. घरी धाकटे दीर ती पत्रं जेवताना वाचून दाखवायला लागले. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, म्हणून प्रत्येक पत्र दोनदा वाचलं जायचं. थोरली ताटातलं खाली मान घालून संपवायची. चौदा वर्षांत तिच्या नावानं एकही पत्र आलं नव्हतं आणि ती येत असतात हेही तिला ठाऊक नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं, पण तिचे यजमान वायरमन होते. त्यांच्या खिशात तिनंच दिलेला चाकू असायचा. एका सकाळी चहा घेताना त्यांनी तो काढून धाकटीपुढे ठेवला.

"पातं अर्ध्यातच अडकतंय. बघशील का?"

"मी आहे ना घरात," थोरली म्हणाली.

"अगं, तू दोनदा केलास. आता हिला बघू दे."

त्यांच्या मनात काही नव्हतं. मीठ मागावं तसं ते बोलले आणि पेपरात डोकं घालून बसले. धाकटीनं चाकू उचलायच्या आधी थोरलीकडे पाहिलं, आणि थोरलीला नेमकं ते पाहणंच सहन झालं नाही. तुमची परवानगी आहे ना, असं विचारणारं ते पाहणं. तिनं कप उचलले आणि मोरीत जरा जोरातच ठेवले.

त्या दिवसापासून तिचं अर्धं लक्ष मागच्या टेबलाकडे राहायला लागलं. स्वतःचं काम करता करता ती खिडकीच्या काचेत धाकटीचे हात बघायची. धाकटी काय जास्त करते हे तिला शोधायचं होतं. शिकायला नाही, पकडायला. आणि एका दुपारी ते सापडलं. नवी स्प्रिंग बसवण्याआधी धाकटीनं एका बारीक काडीला पॉलिशपेपर गुंडाळला, आणि मुठीतल्या ज्या भोकात स्प्रिंगचं टोक बसतं, त्याच्या कडेवरून तो हलकेच चार-पाचदा फिरवला. मग भोकात फुंकर मारली आणि काडी ड्रॉवरमध्ये टाकली.

भिंतीवरच्या नियमांत पाचवा नियम होता की मूळ भागाला कानस, पेपर किंवा कुठलंही हत्यार लावायचं नाही. गिऱ्हाइकानं असं काही केलं तर त्याची वॉरंटी रद्द व्हायची. मग इथल्या माणसानं केलं तर काय?

थोरली साहेबांच्या खोलीत गेली.

"घरातली आहे, म्हणून मी बोलायला नको होतं," ती म्हणाली. "पण उद्या एखाद्या चाकूला काही झालं तर विभागाचं नाव जाईल."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं. म्हणूनच सांगायला जड जातंय."

जड वगैरे काही जात नव्हतं. जिना उतरताना तिला इतकं हलकं वाटत होतं की तिनं कठड्याला हातसुद्धा लावला नाही.

साहेबांनी धाकटीच्या ड्रॉवरमधल्या काड्या जप्त केल्या आणि मुख्य कचेरीचा निर्णय येईपर्यंत तिला पॅकिंगला बसवलं. तक्रार कुणाची, हे त्यांनी सांगितलं नाही. धाकटी खोक्यांवर पत्ते चिकटवायला लागली. घरी मात्र ती पुन्हा पुन्हा तोच विषय काढायची. पाच नंबरवाल्यानं सांगितलं असेल का? की कुरियर घ्यायला येणाऱ्या बाईनं? सगळे आपापला अंदाज सांगायचे, थोरलीही सांगायची. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही साहेबांशी बोलाल का? तुमच्या शब्दाला मान आहे तिथं."

"बघते," थोरली म्हणाली, आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

पहिला आठवडा तिला खरोखर बरं वाटलं. मागचं टेबल रिकामं होतं, पत्रं वाचली जात नव्हती. मग खोकी वाढायला लागली. सात नंबरचे बावीस चाकू आता तिच्याकडे येत होते. त्यांतले बरेच आधी तिनंच दुरुस्त केलेले होते. आत जुनी चिठ्ठी, तिच्यावर तीन.

एका सकाळी साहेबांनी तिला काउंटरवर बोलावलं. उंच झाडं छाटणारा एक माणूस आला होता. उजवा हात गळ्यात अडकवलेला. त्यानं डाव्या हातानं चाकू काउंटरवर ठेवला आणि शेजारी चिठ्ठी.

"तीन नंबर कोण?"

"मी," थोरली म्हणाली.

"दोरावर लटकलेलो होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "फांदी घसरली, दुसऱ्या दोराचा फास खांद्याला बसला. एक हात मोकळा होता. चाकू काढला, ढकलला, पातं अर्धंच उघडलं. दातानं ओढायला गेलो तर मिटलं. खालच्या लोकांना शिडी आणायला चाळीस मिनिटं लागली. तोवर खांदा निखळला होता."

थोरलीनं चाकू हातात घेतला. पातं निर्जीव लोंबत होतं.

"तुम्हाला नवीन देतो लगेच," साहेब म्हणाले.

"नवीन नको. का मोडला ते सांगा. तुम्ही दोनदा दुरुस्त केलाय. माझ्याबरोबर आणखी चौघं हाच चाकू घेऊन झाडावर चढतात."

थोरली टेबलाशी आली. चाकू उघडला. स्प्रिंग भोकाच्या तोंडाशीच मोडली होती. अशा हजार तरी तिनं पाहिल्या होत्या आणि मोडलेला तुकडा काढून डब्यात टाकला होता. आज तिनं मागच्या टेबलावरचं धाकटीचं भिंग आणलं. भोकाची कड पत्र्यासारखी धारदार दिसली, आणि स्प्रिंगवर बरोबर त्याच जागी एक बारीक ओरखडा, तिथूनच पुढे मोडलेली. तिनं डबा टेबलावर पालथा केला. एकेक तुकडा भिंगाखाली धरला. एकूण एकतीस होते, आणि एकोणतीस त्याच जागी मोडले होते. इतकी वर्षं ती त्याच धारेत नव्या स्प्रिंगा भरत आली होती, दिवसाला चाळीस.

तिनं पानभर अहवाल लिहिला. खाली तपासणाऱ्याचा नंबर लिहायची जागा होती. तिनं तीन लिहिला. चुकून नाही, विचार करून लिहिला.

साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीत बसून परत वाचला. "म्हणजे कडाच गोल करायला हव्यात," ते म्हणाले. "चौदा वर्षांचा अनुभव काय असतो ते कळतं अशा वेळी. मी आजच वर पाठवतो."

वर्षभर हे वाक्य दुसऱ्या कुणाला तरी मिळेल या भीतीनं ती जळत होती. ते आता तिच्या पदरात पडलं होतं. ती टेबलाशी परतली तेव्हा धाकटी खोकी न्यायला आली होती. ओळीनं मांडलेल्या स्प्रिंगांकडे बघत ती उभी होती.

"सगळ्या इथंच मोडल्यात," धाकटी म्हणाली. "ताई, तुम्हाला सापडलं? मला हेच वाटत होतं, पण माझं कोण ऐकणार म्हणून नुसतीच घासत राहिले. आता बरं झालं. तुमचं ऐकतील."

तिच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. एखाद्याच्या चांगुलपणाचा इतका राग येऊ शकतो हे थोरलीला त्या क्षणी कळलं. तिला वाटलं, हिनं एकदा तरी वाकडं बोलावं, म्हणजे आपण सुटलो. धाकटीनं खोकी उचलली आणि निघून गेली.

थोरली परत साहेबांच्या खोलीत गेली. "त्यावरचा नंबर बदला," ती म्हणाली. "सात लिहा. ती हेच करत होती, आणि मी तुम्हाला येऊन सांगितलं."

साहेबांनी चष्मा काढला. "मग तेव्हाच तिला विचारलं का नाहीत, का करतेस म्हणून?"

"विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं."

साहेबांनी चष्मा परत लावला आणि अहवाल पुढे ओढला. त्यांनी तीनवर काट मारली.

संध्याकाळी दोघी नेहमीप्रमाणे चालत घरी निघाल्या. चपलांच्या दुकानापाशी थोरली थांबली, कारण घराचं दार जवळ आलं की आपण बोलणार नाही हे तिला माहीत होतं.

"साहेबांना मी सांगितलं होतं. काड्यांचं."

धाकटी दुकानाच्या काचेत बघत राहिली. "का?"

"तुझी पत्रं यायला लागली म्हणून. आणि ह्यांनी चाकू तुला दिला म्हणून."

धाकटी काचेपासून वळली. मग म्हणाली, "मी घरात रोज विचारत होते, कोणी केलं असेल. तुमच्यासमोर विचारत होते. तुम्ही पाच नंबरवाल्याचं नाव घेतलंत."

"हो."

"त्याच्याशी मी महिनाभर बोलले नाही, ताई." एवढं बोलून ती पुढे चालायला लागली. थोरली वीस पावलं मागे राहिली आणि तेवढंच अंतर ठेवून घरापर्यंत गेली.

महिन्याभरात मुख्य कचेरीचा निर्णय आला. पाचवा नियम बदलला. त्या बनावटीचे सगळे चाकू परत मागवून कडा गोल करून द्यायचं ठरलं. झाडं छाटणाऱ्याला आणि त्याच्या चौघा साथीदारांना सगळ्यांत आधी बोलावलं. धाकटी खिडकीजवळच्या टेबलावर परत आली, आणि सगळ्यांना हे काम शिकवायची जबाबदारी तिच्यावर आली. तिनं पाच नंबरवाल्यापासून सुरुवात केली. थोरलीची पाळी सगळ्यात शेवटी.

घरात ती थोरलीशी कामापुरतं बोलायची. भाजी कोणती आणू, आईंचं औषध संपलंय, एवढंच. घरातल्यांना काहीतरी झालंय हे दिसत होतं, पण काय ते धाकटीनं कुणाला सांगितलं नाही. थोरलीनं ते एका रविवारी यजमानांना स्वतःच सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "माझ्या चाकूवरून?" आणि मग कितीतरी वेळ पक्कड पुसत बसले.

थोरलीची पाळी आली तेव्हा धाकटी शेजारी स्टूल घेऊन बसली. थोरलीनं काडीला पेपर गुंडाळला. इतक्या वर्षांचा सराव असलेला तिचा हात घाईनं फिरला.

"दाबू नका," धाकटी म्हणाली. "कड मोडायची नाहीये. नुसती तिची धार घालवायचीये."

थोरलीनं पुन्हा केलं. धाकटीनं भिंगातून बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. तिसऱ्यांदा केलं. खिडकीतून उजेड धाकटीच्या बोटांवर पडला होता. ती बोटं बघताना थोरलीला पुन्हा तीच जुनी असूया वाटली. सगळं सांगून टाकल्यावर ती जाईल असं तिला वाटलं होतं. ती गेली नव्हती. ती तशीच धरून थोरलीनं काडी चौथ्यांदा फिरवली, सावकाश, वजन न देता.

धाकटीनं चाकू घेतला, स्प्रिंग बसवली, पातं पन्नासदा उघडलं. प्रत्येक खटका पहिल्यासारखाच वाजला.

"हे चालेल," ती म्हणाली, आणि पुढचा चाकू थोरलीपुढे सरकवला.