सांबारवडीच्या दुकानाचा ओटा

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात सांबारवडी खाल्ली असेल, तर तुमची-माझी ओळख आहेच. तुम्ही माझ्यावरच बसला होतात. मी त्या दुकानासमोरचा जुना ओटा आहे. वय साठीच्या पुढे, अंग दणकट आणि स्वभाव जरा गर्विष्ठ. काय करणार, अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे आपल्या मोहल्ल्याला, मी मांडीवर बसवलं आहे.

मी इथल्याच खाणीतल्या फरशीचा. दुकानाचे मालक अनंतराव, त्यांच्या आई नागपूरकडून इकडे आल्या आणि त्यांनी दुकान टाकलं, तेव्हा मला बांधलं. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. थंडी पडली की दुकानात कामाला असलेल्या शेवंताबाई सकाळीच जुड्यांचा ढीग घेऊन माझ्यावर बसायच्या आणि सांबार निवडायला लागायच्या. वास पार गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. येणारा-जाणारा घडीभर टेकायचा, गप्पा मारता मारता दोन काड्या निवडायचा आणि वडी-कढी खाऊनच उठायचा.

पुढे पाऱ्यातली बरीच घरं शंकर नगरकडे राहायला गेली. अनंतराव थकले. पंडरी बाजारातल्या एका कापड व्यापाऱ्याला गोदामासाठी जागा हवी होती. गाडी थेट दाराला लागावी म्हणून मला आधी फोडायचं, हेही त्या दोघांनी माझ्यावरच बसून ठरवलं. मला फार राग आला.

अनंतरावांची मुलगी अनुश्री ऑफिसातून आली आणि तिने ते ऐकलं. आजीचं दुकान बंद होऊ द्यायचं नाही, असं तिच्या मनाने घेतलं.

"बाबा, मले संक्रांतीपर्यंत टाइम द्या," ती म्हणाली. "दुकान नवं करून पाहते. लोक नाही आले, तं चाबी मीच नेऊन देते."

दसऱ्याला काम सुरू झालं. काचेचं दार, एसी, दिवे, पांढऱ्या टाइल्स. पाऱ्याजवळची जुनी देवळं पाहायला शहरभरातून जे लोक येतात, ते आत वळावेत, असा तिचा हिशोब. नव्या नकाशात मी नव्हतो. हिरालाल मिस्त्रीने पहिला घण घातला आणि माझा एक कोपरा उडाला. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण मग तो स्वतःच थांबला. ओटा काढला तर बरसातीत नालीचं पाणी सरळ दुकानात शिरेल, असं त्याने अनुश्रीला सांगितलं. मी वाचलो. मात्र माझ्यावरही पांढऱ्या टाइल्स बसल्या, वर कुंड्यांची रांग आली. शेवंताबाईंचं निवडणं मागच्या खोलीत गेलं.

दिवाळीत दुकान उघडलं. पाऱ्यातली जुनी माणसं ती चकचकीत फरशी पाहून बिचकली आणि चपला माझ्याजवळ काढून आत जाऊ लागली. बाहेरचे लोक काच पाहायचे, पांढऱ्या टाइल्स पाहायचे, चपलांचा ढीग पाहायचे आणि पुढे निघून जायचे. मला कोडंच पडलं. डिसेंबर संपता संपता एक गृहस्थ गाल धरून आले आणि अनुश्रीला विचारू लागले, "डॉक्टर साहब कितने बजे बैठते हैं?"

अनुश्रीने त्यांना दातांच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला आणि दोन कुंड्यांच्या मधे, माझ्या फुटक्या कोपऱ्यावर मटकन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. संक्रांतीला पंधराच दिवस राहिले होते.

शेवंताबाई बाहेर आल्या. त्यांनी एक कुंडी बाजूला सारली आणि जुड्या माझ्यावर ओतल्या.

"अनु, वडी का लपवून ठेवाची चीज हाय?" त्या म्हणाल्या. "मले बाहेर बसू दे. वास जाऊ दे गल्लीत."

दुसऱ्याच दिवशी हिरालालला बोलावणं गेलं. काचेचं दार निघालं, कढई पुढे आली, माझ्या अंगावरच्या टाइल्स उतरल्या. नवं सगळंच वाईट, असं मी म्हणणार नाही. दिवे छान होते, आतली स्वच्छता तर पाहण्यासारखी. पण लोकांना बोलावणं हे माझं काम आहे आणि ते मला चांगलं येतं.

त्या रविवारी देवळं पाहायला आलेलं एक कुटुंब वासाने थबकलं. हे काय चाललंय, असं त्यांच्या मुलीने विचारलं. शेवंताबाईंनी एक जुडी तिच्या हातात दिली. पोट्टी बसली, मग आई बसली, मग बापही टेकला. पुढच्या रविवारी ते आणखी दोन घरं घेऊन आले.

संक्रांतीला पंडरीचे ते व्यापारी चावी न्यायला आले. त्यांना बसायला जागाच नव्हती. प्लेट हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. शेवटी अनंतराव सरकले आणि त्यांनी पाहुण्यांना माझ्या फुटक्या कोपऱ्यावर बसवलं. व्यापाऱ्यांनी वडी खाल्ली, गर्दीकडे पाहिलं आणि आणखी दोन प्लेट घरी न्यायला बांधून मागितल्या. चावीचं नाव त्यांनी काढलं नाही.

तो कोपरा सिमेंटने भरू का, असं हिरालाल अजूनही विचारतो. अनुश्री नको म्हणते.

म्हणून मित्रांनो, दुकान नवं करा, घर नवं करा, माझी ना नाही. फक्त घण उचलण्याआधी तिथे घडीभर बसून पाहा. आणि इकडे आलात, कोणी प्लेट घेऊन उभं दिसलं, तर थोडं सरकून घ्या. माझ्यावर अजून एकाची जागा आहे.