डावखुरा टाका

घड्याळजीला संशय येणं ही काही नवी गोष्ट नव्हती. बंद पडलेलं घड्याळ दुकानात आलं की ते का बंद पडलं हे बघण्याआधी तो आपल्या अगोदर ते कुणी उघडलं होतं, हे शोधायचा. बायको म्हणायची, "दुधात माशी सापडली नाही, तर तुम्ही दुधावरच संशय घ्याल."

पण दाजींवर संशय घ्यायची वेळ येईल असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं. दाजी म्हणजे त्याचे थोरले साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. शाळेच्या मुलांची बस चालवायचे. त्याआधी बरीच वर्षं ते कारखान्यात वेल्डर होते. दोघांनी मिळून घड्याळजीच्या घरामागच्या शेडमध्ये एक गाडी बांधायला घेतली होती. सांगाडा दाजींनी जोडलेला, इंजिन भंगारातलं, वायरिंग घड्याळजीचं. बसायला दोनच जागा, वर टप नाही. दोघांच्या बायका तिला 'सवत' म्हणायच्या.

सवतीचं घोडं अडलं होतं मॅनिफोल्डपाशी. इंजिनाच्या चार तोंडांतून निघणारा जळका धूर गोळा करून एका नळीत सोडायचा, एवढंच त्याचं काम. पण इंजिनाबरोबर आलेला ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्यावर आपटत होता. त्यामुळे नवाच घडवणं भाग होतं. स्टीलच्या वाकवलेल्या नळ्यांचे तुकडे कापायचे, ते एकमेकांना जोडत दांड्याला वळसा घालायचा आणि चारही नळ्या खाली एकत्र आणायच्या. तुकड्यांच्या कडा कानशीनं घासून जुळवायचं काम घड्याळजीचं, वेल्डिंगचे टाके मारायचं काम दाजींचं.

चारही नळ्या जोडून झाल्या तेव्हा घड्याळजीनं मॅनिफोल्ड इंजिनावर आवळणाऱ्या प्रत्येक नटावर बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. अर्धा नटावर, अर्धा खालच्या लोखंडी पट्टीवर. नट जरा जरी फिरला तरी ठिपका तुटणार.

पुढच्या सुट्टीला शेड उघडली, तर सगळे ठिपके तुटलेले.

दाजी आले तेव्हा त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "दाजी, मॅनिफोल्ड काढला होता का मध्ये?"

"कोण काढणार? शेडची किल्ली तुझ्याकडे नि माझ्याकडे," दाजी म्हणाले आणि ग्राइंडरची वायर गुंडाळत बसले.

हे उत्तर नव्हतं, हे घड्याळजीच्या लक्षात आलं. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

दाजी गेल्यावर त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि टाके तपासले. दाजींचा हात त्याला ओळखू यायचा. त्यांचे टाके माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक पडलेले असत, सगळे एका अंगाला कललेले. इथं दोन नळ्यांवरचे खवले भलत्याच अंगाला कलले होते. जुने टाके घासून काढून कुणीतरी वर नवे मारले होते, आणि ज्यानं मारले तो डावखुरा होता. इंजिनाला टेकणारी पट्टीही वाकली होती. तिच्या आणि इंजिनाच्या मधून जाड कागद आरपार जात होता. इंजिनावर आवळून ठेवूनच वेल्डिंग करायचं, गार होईपर्यंत नट सोडायचे नाहीत, नाहीतर पट्टी ओढली जाते, हे खुद्द दाजींनीच त्याला शिकवलेलं.

"कुठंतरी पाणी मुरतंय," जेवताना तो बायकोला म्हणाला. "दाजी कुणाला तरी शेडमध्ये आणतात. नाहीतर आपला मॅनिफोल्ड कुठंतरी नेतात. आपला नमुना घेऊन दुसरी गाडी उभी राहतेय बघ."

"राहू दे की. आधी तुमची एक तरी राहू दे."

"मग लपवायचं कशाला?"

"तसे दाजी हल्ली जरा विचित्रच वागतात म्हणे," ती ताटात पोळी वाढत म्हणाली. "ताई सांगत होती, पेपर हातात धरत नाहीत. तिलाच वाचून दाखवायला लावतात. स्कूटरही घराबाहेर काढत नाहीत."

"स्कूटरचा आवाज होतो ना!" घड्याळजी म्हणाला. संशयाला एकदा पाय फुटले की तो घरभर हिंडतो, तसं त्याचं झालं होतं. दाजींची प्रत्येक गोष्ट त्याला पुरावा वाटायला लागली. ते कमी बोलले तर काहीतरी दडवतायत, जास्त बोलले तर विषय टाळतायत. काम करताना दाजी आता त्याला जवळ थांबू देत नसत. "उजेडाकडे बघू नकोस भिंगवाल्या, तुझे डोळे नाजूक," असं म्हणून त्याला बाहेर पिटाळायचे. आधी कधी असं करत नसत.

शेवटी त्यानं सापळा लावला. दुकानात ऑर्डरचं काम आहे, दिवसभर येणार नाही, असं दाजींना फोनवर सांगितलं आणि दुपारी दुकान बंद करून शेजाऱ्याच्या टेम्पोआड उभा राहिला. फार वाट बघावी लागली नाही. दाजी आले, आत गेले, आणि मॅनिफोल्ड गोणपाटात गुंडाळून, काखोटीला मारून चालत निघाले. चालतच! घड्याळजीला स्वतःच्या हुशारीचा अभिमान वाटला आणि तो मागोमाग निघाला.

दाजी भिंतीच्या कडेकडेनं चालत होते. गाड्या धुण्याचं आवार ओलांडून ते एका वर्कशॉपमध्ये शिरले. आत लोखंडी जिने आणि फाटकं रचून ठेवलेली होती. घड्याळजीनं दारातून डोकावलं. तोंडावर ढाल घेतलेली एक बाई डाव्या हातानं वेल्डिंग करत होती, आणि दाजी पाठ करून स्टुलावर बसले होते.

"सापडलात!" घड्याळजी आत घुसला. "साडू म्हणून डोळे झाकून किल्ली दिली तुम्हाला. कुणासाठी बनवताय हा दुसरा?"

दाजी दचकून उभे राहिले. बाईनं ढाल वर केली.

"दुसरा कसला?" ती म्हणाली. "एकाचीच तिसऱ्यांदा दुरुस्ती चालू आहे इथं. तुम्ही यांचे साडू का? मग यांना जरा सांगा, डोळे दाखवा म्हणून. टाका एकीकडे, सांधा दुसरीकडे. नळीला भोकं पडलेली. माझ्याकडे आणतात तेव्हा आपला टाका कुठं पडलाय ते बोटानं चाचपतात. मी गिऱ्हाइकाला असं बोलत नाही, पण आता राहवत नाही."

"बाई, तुम्ही तुमचं काम करा," दाजी म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

घड्याळजीच्या रागातली हवाच गेली. परतीच्या वाटेवर मॅनिफोल्ड त्यानं स्वतः उचलून घेतला.

"मला सांगायचं होतं की," तो म्हणाला. "मी शिकलो असतो वेल्डिंग."

"तू हसला असतास."

"नसतो हसलो."

"मग कीव केली असतीस. ते आणखी वाईट."

घड्याळजीला आपण ठेवलेल्या पाळतीची लाज वाटायला लागली होती. माफी मागायला त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात दुसरीच गोष्ट चमकली. तो जागीच थांबला.

"दाजी, उद्या बस कोण चालवणार?"

"कोण म्हणजे? मी."

"तुम्हाला सांधा दिसत नाही."

"जवळचं दिसत नाही. वय झालं की होतं ते. लांबचं मला स्वच्छ दिसतं. ते बघ, कोपऱ्यावर, फर्निचरचं दुकान. लाल पाटी, पांढरी अक्षरं."

पाटी लालच होती, अक्षरंही पांढरीच. पण फर्निचरवाला केव्हाच उठून गेला होता. आता तिथं औषधाचं दुकान होतं.

"दाजी," घड्याळजी हळूच म्हणाला, "पाटीवर काय लिहिलंय ते वाचा."

दाजींनी मान थोडी तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. रस्त्यावरून माणसं जात होती. शेवटी त्यांनी पाटीकडे पाठ फिरवली.

"मुलं असतात बसमध्ये."

"एवढ्या वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला!"

"म्हणून तर आत्ता थांबा. सकाळी शाळेच्या ऑफिसात तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"तू सांगशील? माझ्या घराची चूल विझवशील?"

"सांगेन," घड्याळजी म्हणाला.

दाजींनी "बरं" म्हटलं. घड्याळजीनं त्या 'बरं'वरही विश्वास ठेवला नाही. सकाळी मुलं यायच्या आधी तो शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. दाजी अगदी दोन हातांवर येईपर्यंत त्यांना तो ओळखू आला नाही.

"पहारा करायला आलास?"

"हो."

दाजींनी त्याच्याकडे बघितलं, किंवा त्याच्या कानाशेजारी कुठंतरी. मग ते ऑफिसात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बसची किल्ली नव्हती. त्याला ओलांडून ते घरी गेले.

ताईचा फोन मात्र लगेच आला. "भाऊ म्हणून घरात घेतलं तुला, आणि तू आमच्या पोटावर पाय दिलास," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं थांबलं. बायको दोन्हीकडून कात्रीत सापडली. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. पण बहीण माझी आहे." आणि रडली.

दाजींनी डोळे दाखवले तेव्हा डॉक्टर काय म्हणाले, ते बायकोकडूनच कळलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता, एकाचा जास्त, दुसऱ्याचा कमी. इंजेक्शनांनी आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. शाळेनं दाजींना स्टोअरमध्ये काम दिलं. सामान द्यायचं-घ्यायचं, बाकं मोजायची.

घड्याळजी शेडमध्ये जायचा आणि नुसता बसून यायचा. मॅनिफोल्डला हात लावावासा वाटेना. अशात एका सकाळी दाराशी दाजी उभे. मागे ती डावखुरी बाई, मशीन ओढत आलेली.

"पट्टी सरळ करायची राहिलीय," दाजी म्हणाले. जणू कालच भेटले होते. "यांना म्हटलं, शेडमध्येच या. इंजिनावर आवळूनच होऊ दे या वेळी."

त्यांनी पट्टी सपाट करून घेतली, इंजिनावर चढवली. बाईनं उरलेले टाके मारले. दाजी बाजूला बसून नुसते आवाज ऐकत होते. "थांबा. करंट जास्त झाला," असं मध्येच म्हणायचे. बाई एकदा ऐकायची, एकदा म्हणायची, "माझं मला कळतं." नळ्या गार होईपर्यंत कुणी नटाला हात लावला नाही.

इंजिन चालू झालं तेव्हा नळ्यांवरचं तेल जळून धूर झाला आणि सगळे खोकत बाहेर पळाले. मग आवाज स्थिर झाला. सांध्यातून कुठंही फुसफूस नव्हती. घड्याळजीनं भिंग काढलं, तर बाई म्हणाली, "आता ठेवा ते खिशात."

गाडी आवाराबाहेर काढायची वेळ आली. कुणी चालवायची, म्हणून घड्याळजी घुटमळला. दाजी काही न विचारता गाडीला वळसा घालून पलीकडच्या जागेवर बसले आणि त्यांनी पट्टा लावला.

"दाजी, राग गेला का?" स्टिअरिंगमागे बसत घड्याळजीनं विचारलं.

"क्लच दाब," दाजी म्हणाले.

घड्याळजीनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. त्यावरून काही कळत नव्हतं. त्यानं क्लच दाबला.