बोटावरचं संत्रं

तक्रार

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, दारातली माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना ताणत होती. आणि प्रत्येकाच्या हातात एक संत्रं.

"सोला!" मंचावरून बुवा गरजले. "स्वतःच्या हातानं सोला, पण खायचं नाही. शेजाऱ्याला द्या! जन्मभर गोड खाल्लंत, आता गोड देऊन बघा!"

टाळ्या पडल्या. बुवांचा चेला एकेकाचं बोट टोची, रक्ताचा थेंब पट्टीवर घेई आणि यंत्रातला साखरेचा आकडा माईकवर वाची. खांबाला टेकून हे बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंना पहिल्या रांगेतलं टक्कल ओळखीचं वाटलं. तो दादा होता, त्यांचा सख्खा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करणारा.

"चारशे अठरा!"

सभागृह हळहळलं. बुवांनी दादाचा हात पितळी भांड्यातल्या पाण्यात बुडवला, खळखळून चोळला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, टॉवेलनं पुसला. पुन्हा टोचलं.

"एकशे बावन्न!"

छत उडेल एवढा गलका झाला. "इन्सुलिनच्या सुया फेका!" बुवा म्हणाले. "आणि अकरा दिवस तपासायचं नाही. तपासणी म्हणजे शंका. शंकेनं साखर चढते!"

साखर अशी तीन मिनिटांत उतरत नाही, हे डॉक्टरीणबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण आकडा त्यांनीही स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तो कुठून आला, हे मात्र त्यांना सांगता येईना.

पूर्वेतिहास

"अकरा वर्षं पोटात सुई टोचतोय," दादा म्हणाला. डोळ्याला भिंग, समोर उघडं घड्याळ. "आता पुरे."

"एकदा तपासू तर दे."

"तपासणी म्हणजे शंका."

"अरे, काटे बघितले म्हणून वेळ बदलते का?"

"तू धाकटी आहेस, धाकटीसारखी राहा. चहा घेणार?"

तो उठला तेव्हा जरासा लंगडला.

"पायाला काय झालं?"

"नवी चप्पल चावली. आता चपलेवरही औषध देणार का?"

दारापर्यंत सोडायला आलेल्या वहिनी कुजबुजल्या, "ताई, रात्रीतून सहा-सहा वेळा उठतात. घटाघटा पाणी पितात. मी बोलले तर म्हणतात, बुवांचं पाणी आतून धुतंय."

सतत तहान, सतत लघवी, पायाची जखम. हे कुठल्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळलं असतं. डॉक्टरीणबाई भावाच्या पाया पडल्या, ओरडल्या, रडल्यासुद्धा. दादा भिंगातून चाक बघत राहिला. दिवसाला साठ अनोळखी माणसं त्यांचं मुकाट्यानं ऐकत, आणि घरचं एक माणूस ऐकत नव्हतं.

तपासणी

त्या अकरा दिवसांपैकी सातव्या दिवशी दवाखान्यात एक आजी नातीला संत्रं सोलून भरवत बसल्या होत्या. नंबर आला तशा उठून आल्या. सिस्टरनं बोट टोचलं.

"तीनशे एक्क्याण्णव? आजी, हात धुतलेत का?"

"धुतले की. सकाळी."

"सकाळी मी आंघोळही केली होती! भिंतीवर काय लिहिलंय?"

बेसिनवर गेली वीस वर्षं पाटी होती: साखर तपासण्याआधी हात धुवा. आजी कुरकुरत धुऊन आल्या.

"एकशे अडतीस. बघा!"

डॉक्टरीणबाईंचं पेन थबकलं. सिस्टर वीस वर्षं हेच ओरडत होती आणि त्यांनी ते नीट कधी ऐकलंच नव्हतं.

"सिस्टर, यंत्र घ्या. नळाचं पाणी घ्या. वाटेत संत्री घेऊ."

निदान

सभागृह तसंच तुडुंब होतं. डॉक्टरीणबाई थेट मंचावर चढल्या.

"मला मधुमेह नाही," त्यांनी माईकवर सांगितलं आणि संत्रं सोललं. सिस्टरनं बोट टोचलं.

"तीनशे सत्तर!"

"या बाटलीत दवाखान्याच्या नळाचं पाणी आहे. मंत्र नाही, तंत्र नाही." त्यांनी हात धुतले.

"चौऱ्याण्णव!"

"ही साखर रक्तातली नाही, संत्र्याची आहे. बोटाला रस लागलेला असतो. थेंब त्या रसात मिसळतो आणि यंत्र दोन्हींची मिळून साखर मोजतं. बुवा फक्त तुमचे हात धुतात!"

मग मागून कुणीतरी ओरडलं, "तुमची श्रद्धा नाही, म्हणून तुम्हाला साध्या पाण्यानं झालं!"

लोक हसले. काही टाळ्याही पडल्या, त्या कुणासाठी होत्या देव जाणे. बुवांनी हात जोडले. "डॉक्टर लोकांची दुकानं बंद पडतायत, राग येणारच."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून दादा उठला. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. त्यानं बाटलीच्या पाण्यानं स्वतःच हात धुतले, पुसले आणि पुढे केले. "बघ."

सिस्टरनं टोचलं. तिनं यंत्र डॉक्टरीणबाईंकडे वळवलं.

"वाच ना!" दादा म्हणाला.

यंत्रात आकडाच नव्हता. सहाशेच्या वर गेलं की हे यंत्र आकडा दाखवत नाही.

दादा बहिणीकडे बघत खाली बसला, आणि बसताबसता कलंडला.

(केसपेपरावरचा निदानाचा रकाना भरला. पुढचं कागदाच्या मागे.)

दादा वाचला. उजवा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. त्या आठवड्यात बुवा पुढच्या गावी गेले. संत्र्यांच्या पेट्याही गेल्या.

"तू सगळं खरंच सांगत होतीस," दादा खाटेवरून म्हणाला. "पण अकरा वर्षांत एकदा तरी 'बरा झालास' म्हणालीस का? तो बुवा म्हणाला."

"तू बरा झाला नव्हतास, दादा."

"माहीत होतं गं मला. ऐकायचं होतं."

यावर कुठल्या पुस्तकात औषध आहे? त्यांनी पांघरूण सारखं केलं. ते जिथे सपाट पडत होतं, तिथे हात ठेवायचा त्यांना धीर झाला नाही.

उपचार

बेसिनवरची पाटी सिस्टरनं नव्यानं रंगवली. मजकूर डॉक्टरीणबाईंनी दिला:

*हात धुवा, मग तपासा. उद्या पुन्हा तपासा. जो तपासू नका म्हणतो, त्याला आधी तपासा.*

खाली खुर्चीत एक गृहस्थ पाटी वाचत बसले होते. वाचून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सिस्टर, ते बुवा आता कुठल्या गावी आहेत हो?"