वेशीवरचा हॉर्न

पालमकडून येणारा रस्ता गावात शिरण्याआधी एका चढावर येतो आणि तिथून उतरत उतरत वेशीतल्या कडुलिंबापाशी पोहोचतो. आबासाहेबांनी पांढरी अँबेसिडर घेतली, तेव्हापासून सारे गाव या उताराकडे कान लावून असे. कुणाला सापाचे पान लागले, कुणी बाळंतपणात अडली, की आबासाहेब गाडी काढत आणि परभणी गाठत. परतताना माणूस जिवंत असेल तर लिंबापाशी हॉर्न वाजे. लांबलचक, दावणीची जनावरे बिचकतील असा. माणूस गेलेला असेल तर ते चढावरच इंजिन बंद करत आणि गाडी गुमान उतरून येई. हे कुणी ठरवलेले नव्हते. पण दारात उभ्या राहिलेल्या बायकांना तेवढे पुरे. कुणी भाकरतुकडा हाती घेई, कुणी भिंतीला टेकून खाली बसे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आबासाहेबांना धाप लागली, तेव्हा त्यांनी गाडीत कुणालाच बसू दिले नाही. स्वतः चालवत गेले, ते माघारी आले नाहीत. देह मिळाला नाही. राखेचे एक मडके मिळाले, ते त्यांच्या मुलाने, हरिओमने, गंगाखेडला गोदावरीत सोडले. दवाखान्याबाहेर उभी राहिलेली गाडी पुढे कधीतरी ट्रॅक्टरला दोर बांधून आणली.

आबासाहेबांच्या पत्नी तानुबाईंनी मात्र कुंकू पुसू दिले नाही. "राख कुणाची बी असती," त्या म्हणाल्या. "अन् वढून आणल्याली गाडी काय सांगणार मला? हॉर्न वाजला न्हाई, गुमान बी उतरली न्हाई."

तेव्हापासून त्या रोज दुपारी लिंबाखाली जाऊन बसत आणि दिवस मावळेपर्यंत तोंडात घास घेत नसत. लुगड्यात आता नुसती हाडे उरली होती. पालमच्या डॉक्टरांनी हरिओमला बाजूला घेऊन सांगितले, की असेच चालले तर यांना पुढचा पावसाळा दिसायचा नाही.

हरिओम हा मुळात अबोल. माणसांपुढे त्याची वाचा बसे. वस्तूंशी मात्र त्याचे सूत जमे. आईची समजूत घालणे आपल्या जिभेला जमणार नाही, हे त्याने मनोमन मान्य केले होते. आईला जे सांगायचे, ते गाडीनेच सांगावे लागणार होते. गाडी चालती करायची, परभणीला न्यायची आणि परत आणताना चढावर इंजिन बंद करायचे.

पत्र्याच्या शेडमध्ये त्याने काम मांडले. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केले होते. त्यात कापूस होता, मक्याची सालपटे होती आणि आबासाहेबांच्या उपरण्याची किनार होती. कार्बोरेटर उघडला तर तळाशी पेट्रोलचा वाळून डिंक झालेला. तो त्याने जुन्या टूथब्रशने, एकेक भोक फुंकून, साफ केला. ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिशपेपरने घासले, ब्रेकचे रबर बदलले, गंजलेली टाकी उतरवून तिच्यात खडे घालून ती खुळखुळवली. काम करताना त्याला एक गोष्ट हळूहळू जाणवू लागली. गाडीत सगळीकडे बोटभर धूळ होती, स्टेअरिंगवर नव्हती.

"काय रे हरिओम," शेजारच्या पारूबाई कुंपणावरून डोकावत, "लग्नाचं वय झालं अन् लोखंडाच्या पोटाखाली निजायलास? तिलाच हळद लावतूस का काय?"

"ब्रेक ऑइल लावायलोय मावशी."

"लाव बाबा. मुकी तरी हाय. तुला शोभंल."

पारूबाई हसत, पण गाडीच्या जवळ कधी येत नसत.

एका दुपारी त्याने बॅटरी जोडण्याआधी इंजिनावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. वर पत्रा तापला होता, हे खरे. पण पत्र्याला त्याने हात लावून पाहिला. पत्रा इतका तापलेला नव्हता. त्या दिवशी त्याने लवकरच काम आवरले.

गाडी सुरू झाली. निघण्याच्या सकाळी त्याने एक खबरदारी घेतली. हॉर्नची तार जुनी, एखाद्या खड्ड्यात आदळून आपोआप वाजली तर सारेच मुसळ केरात. म्हणून त्याने नट खोलून हॉर्नच काढला आणि पडवीत जात्याशेजारी ठेवला.

परभणीला दवाखान्यासमोर त्याने गाडी उभी केली. आता काय करायचे, हे त्याने ठरवले नव्हते. शेवटी तो उतरला आणि मागचे दार उघडून, ओशाळल्यासारखा, उन्हात उभा राहिला. रोग्याला बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. मग त्याने दार अलगद लावले.

परतीला गाडी जड चालत होती. ब्रेक चिकटत असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. गंगाखेडच्या पुलावर खिडकीतून नदीचा वारा आत आला आणि त्या वाऱ्याला आबासाहेबांच्या तंबाखूचा वास होता. त्याने आरशात पाहिले नाही.

चढ आला. त्याने किल्ली फिरवली. इंजिन विझले आणि दुपारच्या त्या सुन्न उजेडात गाडी नुसत्या टायरांच्या कुजबुजीवर उतरू लागली. लिंबाखाली आई बसलेली दिसली. आता ती खाली कोसळेल, आपण तिला सावरू, आणि रडून झाल्यावर ती जेवेल.

तानुबाई उठल्या आणि लगबगीने घराकडे चालू लागल्या. गल्लीत एकामागून एक दारे उघडत होती. समोरच्या आश्रुबांची म्हैस दावे तोडून उधळली होती आणि ते शिव्या देत तिच्यामागे पळत होते.

"केवढा मोठा वाजीवलास रे!" पारूबाई छातीवर हात ठेवून ओरडल्या. "म्हातारीचा जीव घेतूस का काय?"

"काय वाजवलं?"

"अन् वर मलाच इचारतंय! सगळी गल्ली भाईर आली की."

हरिओम गाडीतून उतरला. दारात आई उभी होती. एका हातात तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. तो तिने गाडीवरून ओवाळला, लांब फेकला, चाकांवर पाणी घातले. तिच्या चेहऱ्यावरची ती उजळ शांतता पाहून तो घाबरला. धावत पडवीत गेला आणि हॉर्न उचलून घेऊन आला.

"माय, हे बघ. हॉर्न मी काढून ठेवला होता. गाडीत हॉर्नच न्हाई."

तानुबाईंनी त्या गंजक्या लोखंडाकडे पाहिले, मग लेकाकडे. मंदबुद्धीच्या मुलाकडे मायेने पाहावे तसे.

"मग वाजीवला कुणी?" त्यांनी विचारले.

त्या संध्याकाळी त्या दीड भाकर जेवल्या, ठेचा मागून घेतला आणि ताट पुसून खाल्ले. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवताना हरिओम कित्येक दिवसांनी पाहत होता. साऱ्या गावाने ऐकलेले त्याला एकट्यालाच ऐकू आले नव्हते, आणि ते कुणाला सांगावे हे त्याला कळत नव्हते.

दुसऱ्या दुपारी तानुबाई लिंबाकडे गेल्या नाहीत. नवे लुगडे नेसून त्या शेडमध्ये आल्या आणि पुढचे डावे दार उघडून बसल्या.

"चल, गंगाखेडला बाजार करून येऊ."

हरिओमने किल्ली घेतली आणि उजव्या दाराकडे वळला.

"तिकडं कुठं चाललास?" तानुबाई म्हणाल्या. "तू मागं बस."

"मागं?"

"मग? ते कधी मागं बसले का?"

आईचा रंग सुधारला होता. हातावरच्या शिरांत जणू रक्त परतले होते. हरिओमने किल्ली गाडीत लावून ठेवली, मागचे दार उघडले आणि लहानपणी बसे तसा, गुडघे जवळ घेऊन, खिडकीशी बसला. तानुबाईंनी पदर सारखा केला आणि समोर पाहू लागल्या. शेडमध्ये उकाडा होता. कुठे पानही हलत नव्हते. आपण हे काय करतो आहोत, याची लाज त्याच्या कानापर्यंत चढली. आणि त्या लाजेसकट, श्वास रोखून, तो गाडी सुरू होण्याची वाट पाहू लागला.