मॅचिंग दोरा

कापड नुसतं हाताला लागलं की ते कुणाच्या अंगावर कसं बसेल, हे मास्तर डोळे मिटून सांगायचे. पण आपल्याच घरात मीठ कुठल्या डब्यात असतं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांना ठाऊक नव्हतं. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या दाराला पडदा. पडद्यापलीकडे बायकोचं राज्य. त्या राज्याच्याही मागे परस होतं. तिथे ती घेवडा, टोमॅटो, कांदे, कोथिंबीर, ढोबळी मिरची असं काय काय पिकवायची. परसात नाही ते गल्लीत मिळायचं: दूध कोपऱ्यावरच्या दूधवालीकडचं, अंडी शेजारणीच्या कोंबड्यांची, पीठ घरी निवडलेल्या गव्हाचं. पाकिटातलं काही या घराच्या उंबरठ्याच्या आत यायचं नाही. मास्तर पडद्याच्या अलीकडे बसायचे आणि हाक आली की हात धुऊन पानावर जायचे. एकंदरीत मास्तरांची चैन होती.

मग एके सकाळी बायको परसातल्या ओल्या फरशीवरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

बातमी कळताच तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. या ताईंचं आणि मास्तरांचं भांडण कधी झालं नव्हतं, पण सूतही कधी जुळलं नव्हतं. ताईंचं घर ऐसपैस, मुलं नोकरीच्या गावी पांगलेली, हाताखाली स्वयंपाकाची बाई. रविवारी येते आणि हिला घेऊन जाते, हात बरा होईपर्यंत माझ्याकडेच राहील, असं त्यांनी सांगूनच टाकलं. नंतरचं नंतर बघू, असंही वर म्हणाल्या. ते ‘नंतरचं नंतर’ ऐकून मास्तरांनी चालतं मशीन थांबवलं. एकट्या पडलेल्या ताईंना सोबत हवी होती, हे काय त्यांना कळत नव्हतं? बायको तिथे गेली आणि रमली तर?

अशा वेळी नवऱ्याने काय म्हणायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मास्तर म्हणाले, “मग गाडीचं बघायला हवं.”

बोलण्याच्या बाबतीत मास्तर असे होते. गिऱ्हाइकाशी मापापुरतं बोलायचे आणि बायकोशी त्याहून कमी. ती थोडा वेळ त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

“ताई रविवारी जेवायलाच येतेय,” ती म्हणाली. “तुम्ही रांधून वाढा. आपल्या परसातलं, नेहमीसारखं. जमलं तर मी राहते, नाही जमलं तर जाते. मी मदतीला येणार नाही आणि तोंडही उघडणार नाही.”

मास्तरांनी ऑर्डर घेतली. रविवार म्हणजे डिलिव्हरीची तारीख, आणि तारीख चुकवणाऱ्यांतले ते नव्हते.

रविवारी सकाळी बायको खिडकीबाहेर परसात खुर्ची टाकून बसली. मास्तर गळ्यात टेप अडकवूनच स्वयंपाकघरात शिरले. तो काढायचा असतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. घेवड्याच्या शेंगा त्यांनी अशा चिरल्या की एक तुकडा दुसऱ्याहून सूतभर लांब नव्हता. त्यापायी अर्धी सकाळ गेली. दूधवालीकडचं दूध उकळून त्यात लिंबू पिळलं आणि पनीर काढलं. कापड सोडून आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच काही फाडलं होतं, आणि ते चांगलं फाटलं. पीठ मात्र त्यांना दाद देईना. आधी पातळ झालं, मग कोटाच्या कॉलरमध्ये घालावं इतकं कडक. रोट्या लाटल्या त्याही वेड्यावाकड्या. मास्तरांनी त्यांवर ताटली उपडी ठेवली, कात्रीने कडेकडेने गोल कापल्या आणि कातरण शेजारणीच्या कोंबड्यांना टाकलं.

मुख्य पदार्थ होता भरलेली ढोबळी मिरची. मास्तरांचा लाडका पदार्थ. झाडावरच्या मिरच्या त्यांनी निवडून निवडून काढल्या. टणक, चकचकीत, एका मापाच्या. पनीर, परतलेला कांदा, उकडलेली अंडी आणि कोथिंबीर एकत्र करून सारण केलं, मीठ शोधून त्यात घातलं, चव घेतली आणि स्वतःवरच खूष झाले. मिरचीला चीर देऊन सारण भरलं. आता ती बांधायची.

बायको मिरची बांधायची ती जाड पांढऱ्या दोऱ्याने, दोन वेढे आणि वर ढळढळीत गाठ. वाढायच्या आधी दोरा ओढून काढायची. हिरव्यागार मिरचीवर तो पांढरा दोरा मास्तरांच्या डोळ्यांत इतकी वर्षं खुपत आला होता. एखाद्या गिऱ्हाइकाला त्यांनी हिरव्या सदऱ्यावर पांढरी शिलाई मारून दिली असती का? ते पडद्याबाहेर गेले, खण उघडला, एकेक रीळ मिरचीला लावून खिडकीच्या उजेडात धरलं, आणि हुबेहूब तोच हिरवा सापडल्यावरच परत आले. बारीक सुई घेतली. आतून टाका, गाठ आत दडवलेली, बाहेर काही म्हणून दिसायला नको. शेवटची मिरची शिवून झाली तेव्हा चीर कुठे होती हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

खिडकीतून बायकोने हे पाहिलं. तिचं तोंड उघडलं, आणि मग शब्द दिलेला आठवून तिने ते मिटलं.

ताई वेळेवर आल्या. पानं मांडलेली, घेवड्याची भाजी लखलखीत, टोमॅटोचं सूप बेताचं आंबट, रोट्या एकसारख्या गोल. ताईंनी रोटीकडे आणि मग मास्तरांकडे नव्याने पाहिलं. मिरची त्यांनी चमच्याने मोडली, घास घेतला, आणि सारण उत्तम झालंय असं मोकळेपणाने सांगितलं. मास्तरांना वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या घासाला ताई थांबल्या. त्यांनी बोटं ओठांशी नेली आणि काहीतरी ओढलं. हिरवा दोरा निघाला. त्या ओढत राहिल्या आणि तो येत राहिला. मास्तर चष्मा लावून धावले, बाकीच्या मिरच्या उलटसुलट करून पाहिल्या, पण टाका काही दिसेना. शिलाई उत्तम होती, हेच तर दुखणं होतं.

ताईंनी दोरा पानाच्या कडेला ठेवला. चिडल्या नाहीत, ते जास्त वाईट.

“मास्तर, कष्ट घेतलेत ते दिसतंय,” त्या म्हणाल्या. “पण दोरे खाऊन हिचं हाड जुळायचं नाही. चल गं, जेवण झालं की निघू.”

मास्तर हातात डाव घेऊन उभे राहिले. बायको त्यांच्याकडे बघत होती, परवा बघत होती तशीच. गाडीचं बघतो, हे शब्द त्यांच्या जिभेवर आलेसुद्धा. ते त्यांनी गिळले.

“मला स्वयंपाक येत नाही, ताई,” ते म्हणाले. “शिकेन. नाहीच आला तर कच्चा कांदा खाऊन राहीन. पण ही आत नसली तर मला बाहेर बसवणार नाही.” मग ते बायकोकडे वळले आणि इतक्या हळू बोलले की ताईंना पुढे वाकावं लागलं. “तू जाऊ नकोस.”

ताईंनी बहिणीकडे पाहिलं. बहीण हसत होती आणि डाव्या हाताच्या पालथ्या मुठीने डोळे पुसत होती. ताईंनी काय ते ओळखलं आणि मुकाट्याने रोटीचा तुकडा मोडला.

“हे परवाच म्हणाला असतात,” बायको मास्तरांना म्हणाली, “तर मिरच्या तरी वाचल्या असत्या.”

आणि तिने पान पुढे सरकवून आणखी एक मागितली.