कलम सात : अंबाझरीवर रोडगे

मसुदा पहिला
१२ मार्च १९२९

विषय : श्री. रामाजी (सासरे), मु. नरखेड, यांस नागपूर शहर दाखविणे व भोजन.

यंदा मार्चअखेरीस गुड फ्रायडे ते ईस्टरचा सोमवार अशी चार दिवसांची लागोपाठ सुट्टी येत आहे. सबब खालील कार्यक्रम आखण्यात येतो.

कलम एक. सरकारी दफ्तर. (माझी खुर्ची.)
कलम दोन. अजब बंगला (संग्रहालय). पाऊण तास.
कलम तीन. मोठे पोस्ट ऑफिस.
कलम चार. महाराजबाग. वाघ, दहा मिनिटे. इतर प्राणी मिळून पाच.
कलम पाच. कोर्टाची इमारत.
कलम सहा. भोजन : सर्व वेळचे घराबाहेर. चांगल्या हॉटेलांची यादी सोबत जोडली आहे.

घरातील मंडळींनी आपापले शेरे समासात लिहावेत. मुदत तीन दिवस.

रुपराव

*

घरातील मंडळी म्हणजे दोघी. रुपरावची आई रंभाबाई आणि बायको पुष्पलता. महाल भागातल्या त्या दोन खोल्यांत रुपराव धरून चौथं माणूस नव्हतं, आणि सगळी अडचण तीच होती.

मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. पाणीसुद्धा घेत नाही. पुष्पलताच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत रामाजी नागपूरला एकदाही आले नव्हते. येऊन करणार काय? लेकीच्या दारात उपाशी बसायचं आणि लेकीनं आत बसून रडायचं, त्यापेक्षा नरखेडला संत्र्याच्या झाडांना पाणी देणं बरं.

हे कोडं रुपरावनं सोडवलं होतं. तो दफ्तरात कारकून होता आणि कागदावर न सुटणारी गोष्ट त्यानं अजून पाहिली नव्हती. घरी जेवायचं नाही ना? मग बाहेर जेवा. कलम सहा.

*

समासातले शेरे

(रंभाबाईंना लिहिता येत नाही. त्यांनी सांगितलं, पुष्पलतानं लिहिलं. अक्षर वळणदार आहे.)

"सात वर्षांत सुनेनं एक लेकरू देलं असतं त हॉटेलाची यादी जोडा लागली नसती. सांगणार रंभाबाई. लिहिणार पुष्पलता."

त्याखाली पेन्सिलीनं, त्याच अक्षरात, पण बारीक :

"कलम सात. अंबाझरीवर रोडगे."

*

"हे काय हाय?" रुपरावनं विचारलं.

"शेरा."

"शेरा असा नसते वं. शेरा म्हंजे हो किंवा नाही. हे त नवीन कलम झालं."

"मंग कलम समजा जी. बाबाले माह्या हातानं एकडाव खाऊ घालाचं हाय. घरी नाही त तलावावर, गोवऱ्यांच्या राखेत भाजून."

"तलाव पाहण्यात येईल. पण रोडगे काही पाहण्याची वस्तू नोहे." रुपरावनं लाल शाईनं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं : कार्यक्रमात बसत नाही.

*

नरखेडहून पोस्टकार्ड

"रा. रा. रुपराव यांस मार्तंड मास्तराचा नमस्कार. रामाजी समोर बसले आहेत, ते सांगतात तसंच लिहितो.

जावईबापू, तुमचा कागद मास्तरनं वाचून दाखोला. लय मोठा हाय. हॉटेलात पैसे तुम्ही देसान, म्हंजे जेवण तुमचंच झालं. तुमचं म्हंजे लेकीचं. ते मले चालत नाही. मी शिदोरी आणतो. पाणी आणतो. पीठ, दाळ, वांगे आणतो, कुठी तीन दगड भेटले त रांधून घेईन. तुम्ही चिंता करू नका. वाघ पाहाले येतो.

ता. क. (हा माझा) माझ्या बदलीच्या अर्जाचं दफ्तरात काही कानी आल्यास कळवावे. मार्तंड."

*

मसुदा दुसरा. बदल एवढाच :

कलम सहा (सुधारित). भोजन : पाहुणे स्वतःची शिदोरी स्वतः खातील. मात्र शहराची ओळख व्हावी म्हणून ती यादीतील हॉटेलांच्या समोर बसून खाण्यात यावी.

समासात पेन्सिल :

"कलम सात. अंबाझरीवर रोडगे. पीठ बाबाचं, वांगे बाबाचे, गोवऱ्या तलावाकाठच्या गोवाऱ्याकडून बाबाच घेतील, पाणी तलावाचं. माह्या घरचं काहीच नाही. हात फक्त माहे."

लाल रेघ. "सदर विषयावर पूर्वीच निर्णय झालेला आहे."

मसुदा तिसरा शाईनं, चांगल्या जाड कागदावर. त्यात रविवारसाठी मिशनच्या चर्चची इमारत वाढली होती, कलम सात नव्हतं. पण जाड कागदालाही समास असतोच, आणि पुष्पलताकडे अजून पेन्सिल होती. या वेळी रुपरावनं रेघ मारली, पण बाजूला काही लिहिलं नाही. लिहायला जागा उरली नव्हती.

*

शुक्रवार

रामाजी गाडीतून उतरले. एका खांद्यावर पोतं, एका हातात संत्र्यांची डाल, दुसऱ्यात झाकणाचा पितळी गडवा. गडव्यात नरखेडच्या विहिरीचं पाणी.

घराच्या ओट्यावर त्यांनी बूड टेकलं. पुष्पलता दारात उभी राहिली, उंबरठ्याच्या आत. पाया पडायला बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. पोतं उचलून ठेवताना तिनं तोंड सोडून पाहिलं. पातेलं, पीठ, दाळ, वांगी, मिरच्या, लसूण, तेलाची बाटली. पुन्हा एकदा पाहिलं. मग तोंड बांधलं.

"बरी हाय न वं?"

"बरी हाय."

"वाळली."

"तुमीच वाळले बाबा."

"निघा," रुपराव घड्याळाकडे पाहत म्हणाला. "कलम एकले उशीर होऊन राहिला."

दफ्तराला कुलूप होतं.

रुपराव फाटकापाशी थांबला. पुन्हा घड्याळ पाहिलं, जणू दोष त्याचाच होता. मग त्याच्या लक्षात आलं. चार दिवस दफ्तर बंद राहणार म्हणून तर त्याला सुट्टी होती.

"ती तिसरी खिडकी," तो बोट दाखवत म्हणाला. "तिच्या आत माही खुर्ची हाय."

रामाजींनी खिडकीकडे आदरानं पाहिलं. "खिडकी चांगली हाय."

अजब बंगल्याला कुलूप होतं. पोस्टाला कुलूप होतं. कोर्टाला दोन कुलपं होती. सरकारनं सुट्टी कारकुनाला दिली होती तशीच इमारतींनाही दिली होती, आणि रुपरावनं तीन मसुद्यांत एकदाही हा विचार केला नव्हता.

"जावईबापू," रामाजी टांग्यात बसत म्हणाले, "नागपूरचे कुलूप लय मजबूत हायेत गा. आमच्याकडं असे भेटत नाहीत."

टांगेवाला हसला. रुपरावनं त्याच्याकडे पाहिलं तसा तो घोड्याशी बोलू लागला.

दुपारी यादीतल्या पहिल्या हॉटेलासमोर, रस्त्यापलीकडे, कडुलिंबाखाली बसून रामाजींनी भाकरी आणि तिळाची चटणी खाल्ली. आत लोक खात होते. रामाजी बाहेरून त्यांना पाहत होते, आणि ते रामाजींना.

"आत काय देतात?"

"भाकर. भाजी."

"मंग ते आत काहून बसले?"

रुपरावनं कागद उलटून पाहिला.

*

शनिवार

वाघ झोपला होता. त्याला दहा मिनिटं दिली होती, ती त्यानं झोपेत घालवली. इतर प्राण्यांपैकी एका माकडानं रामाजींच्या हातातलं संत्रं घेतलं आणि सोलून, शिरा काढून, फोडी वेगळ्या करून खाल्लं. रामाजी तिथे अर्धा तास थांबले. कार्यक्रम पंचवीस मिनिटं मागे पडला.

"तीस वर्षं झाले संत्रं पिकवून राहिलो," ते म्हणाले. "कोणी खाताना आज पायलं."

दुपारपर्यंत गडवा रिकामा झाला. नरखेडचं पाणी संपलं आणि ऊन मात्र नागपूरचं होतं. परतताना रामाजींचे ओठ पांढरे पडले होते. रंभाबाई दारात तांब्या घेऊन उभ्या राहिल्या.

"व्याहीबुवा, तहानेनं मराल त लोक मले बोलतील! घ्या गुमान. कोण पाहून राहिलं?"

"मीच पाहून राहिलो न, विहीणबाई."

ते तसेच उठले, गल्लीच्या तोंडाशी सरकारी नळ होता तिथे गेले आणि ओंजळीनं पोटभर प्याले. गडवाही भरून घेतला.

"हेच पाणी आमच्या घरात हाय," रुपराव चिडून म्हणाला. "पाइप एकच. तलाव एकच."

"असंन. पण म्युनिसिपालटीच्या घरी मी लेक नाही देली."

संध्याकाळी ओट्यावर बसून रामाजींनी कार्यक्रमाचा कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं. बोटानं फिरवत गेले. शाई, शाई, शाई. मग कडेला बारीक, करडं, आणि त्यावर लाल रेघ.

"हे काय हाय जी?"

"काही नाही. खोडलेलं हाय."

"दोन दिवस तुम्ही लिवलेलं पायलं. सारं बंद होतं. आता खोडलेलं वाचा."

रुपरावनं चष्मा पुसला. आत भांड्याचा आवाज थांबला.

"कलम सात," त्यानं वाचलं. "अंबाझरीवर रोडगे. पीठ बाबाचं, वांगे बाबाचे. पाणी तलावाचं. माह्या घरचं काहीच नाही. हात फक्त माहे."

रामाजींनी लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कितीडाव खोडलं?"

"तीनडाव."

"अन तिनं तीनडाव लिवलं?"

"हो."

"ते हात माह्याच घरून आलेत, जावईबापू. उद्या काय हाय तुमच्या कागदात?"

"मिशनच्या चर्चची इमारत. बाहेरून."

"ते खोडा."

*

रविवार

कार्यक्रमातून खोडलेला दिवस. त्यामुळे सगळं उघडं होतं. तलाव उघडा, आभाळ उघडं.

काठाला गुरं चारणाऱ्या गोवाऱ्याकडून गोवऱ्या रामाजींनी स्वतः घेतल्या, बदल्यात सहा संत्री दिली. तीन दगड त्यांनीच मांडले. पुष्पलतानं कणीक मळली, घडी घालून गोळे केले आणि गोवऱ्यांच्या लाल राखेत पुरले. वांग्याची भाजी रामाजींच्या पातेल्यात. रंभाबाई पाय लांब करून बसल्या आणि कसं करायचं ते सांगत राहिल्या, कारण सांगितल्याशिवाय ते होतच नव्हतं.

रुपराव हातात कागद घेऊन एकेक जिन्नस तपासत होता. पीठ, सासऱ्यांचं. वांगी, सासऱ्यांची. लसूण, मिरची, तेल, सासऱ्यांचं. पाणी, तलावाचं. त्यानं प्रत्येकापुढे खूण केली. मग त्याची पेन्सिल थांबली.

"मीठ?"

पोत्यात मीठ नव्हतं. नरखेडला बांधताना राहून गेलं होतं. पुष्पलतानं हे शुक्रवारीच पाहिलं होतं. रविवारपर्यंत ती एका शब्दानं बोलली नव्हती.

तिनं पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली, सोडली आणि भाजीत चिमूट टाकली. रुपरावनं पुडीचा कागद ओळखला. अक्षर त्याचं होतं. "मसुदा पहिला. विषय : श्री. रामाजी (सासरे), यांस..." पुढचं मिठाखाली होतं.

"पुष्पे!" रंभाबाई म्हणाल्या. आणि का कोण जाणे, एवढंच म्हणाल्या.

रोडगे राखेतून निघाले. पुष्पलतानं फडक्यानं झटकले, फोडले, वर भाजी घातली आणि पळसाच्या पत्रावळीवर बापापुढे ठेवले. सात वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्यासमोर जेवण ठेवत होती, आणि तिची मान वर होत नव्हती.

रामाजींनी पहिला घास घेतला. चावला. थांबले.

"मीठ कुठचं वं?"

"घरचं."

"कोणत्या घरचं?"

पुष्पलता राखेत बोटानं रेघ ओढत राहिली. रुपराव पेन्सिल धरून उभा होता. त्याला ठाऊक होतं की या ठिकाणी कुणीतरी काहीतरी खोडणार आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते त्याच्या हातात नव्हतं.

रामाजींनी घास गिळला. पत्रावळ लेकीकडे सरकवली.

"कमी हाय," ते म्हणाले. "अजून टाक."